साइट चालू, पण नाव सापडेना: डोमेनचा बिघाड शोधायचा क्रम

छोट्या व्यावसायिकांच्या वेबसाइट सांभाळण्याचं काम मी करते. होमस्टे, दवाखाने, आंबा-काजूवाले, शिकवण्या, एखादं वाचनालय. "सर्व्हर डाउन झालाय, जरा बघा ना" असा फोन आला की बहुतेक वेळा सर्व्हर ठणठणीत असतो. फोटो जागच्या जागी, बुकिंगचा फॉर्म जागच्या जागी. बिघाड नावात, म्हणजे साइटच्या डोमेनमध्ये असतो. नाव विचारल्यावर पत्ता मिळत नाही किंवा चुकीचा मिळतो, आणि समोरच्याला वाटतं की साइटच गेली.

मोठ्यांचंही असंच होतं. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद होतं. तेव्हा त्यांच्या नावांचे पत्ते सांगणारे सर्व्हर बाहेरच्या जगाला दिसेनासे झाले होते.

हा बिघाड शोधायला एक क्रम आहे. फुकटच्या, दोन मिनिटांच्या तपासण्या आधी आणि खर्चाच्या किंवा धोक्याच्या नंतर. हा क्रम सोडून लोक आधी होस्टिंग बदलतात आणि मग एकाचे दोन बिघाड होतात.

लक्षणं

- ब्राउझर 'धिस साइट कान्ट बी रीच्ड' म्हणतो आणि खाली बारीक अक्षरात 'एनएक्सडोमेन', म्हणजे 'असं नाव नाही', लिहिलेलं असतं.
- ऑफिसच्या वायफायवर साइट उघडते, मोबाइल डेटावर उघडत नाही. किंवा उलट.
- ट्रिपल डब्ल्यू लावलं तर उघडते, नुसतं नाव टाकलं तर नाही.
- होस्टिंग बदलल्यावर काहींना नवी साइट दिसते, काहींना जुनीच.
- साइट व्यवस्थित आहे, पण ईमेल येणं बंद झालंय.
- तुमच्या साइटच्या जागी जाहिरातींचं पान किंवा 'हे नाव विक्रीला आहे' अशी पाटी.

'४०४', '५००' किंवा '५०३' असे आकडे दिसत असतील तर हा लेख तुमच्यासाठी नाही. आकडा दिसला म्हणजे नाव सापडलं, पत्ता मिळाला आणि तिथून कुणीतरी उत्तरही दिलं. तेव्हा थेट होस्टिंगवाल्याला गाठा. 'युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' हा इशारा मात्र दोन्हीकडचा असू शकतो. लेट्स एन्क्रिप्टचं फुकट सुरक्षा प्रमाणपत्र जास्तीत जास्त ९० दिवस चालतं आणि ते संपण्याआधी आपोआप नवं घेतलं जातं. नाव चुकीच्या सर्व्हरकडे बोट दाखवत असेल तर ते नूतनीकरण फसतं. म्हणून हा इशारा आला तरी खालच्या तपासण्या एकदा करून घ्या.

तपासण्याआधी एवढं समजून घ्या

डोमेनचं नाव उजवीकडून डावीकडे वाचलं जातं. 'तुमचंनाव.को.इन' घ्या. सगळ्यात उजवीकडे, न दिसणारा एक टिंब असतो. ती मुळं, म्हणजे रूट. रूट सर्व्हरची नावं १३ आहेत, 'ए'पासून 'एम'पर्यंत, आणि ती १२ संस्था चालवतात. प्रत्येक नावामागे जगभर पसरलेली अनेक यंत्रं असतात. तुमची साइट बंद पडण्याचं कारण रूट असेल, अशी शंकासुद्धा घेऊ नका. रूट फक्त इतकंच सांगतं की '.इन'ची माहिती कुणाकडे आहे. '.इन'ची नोंदवही भारतात निक्सी ही संस्था सांभाळते, '.कॉम'ची व्हेरिसाइन. त्या नोंदवहीत तुमच्या साइटचा पत्ता नसतो. 'या नावाबद्दल अमुक नेमसर्व्हरला विचारा' एवढंच तिथे असतं. खरा पत्ता त्या नेमसर्व्हरवर असतो.

म्हणजे एका साइटमागे चार वेगळ्या जागा असतात: नाव विकणारा रजिस्ट्रार, नेमसर्व्हर, साइट ठेवणारं होस्टिंग आणि मेल. चारही एकाच कंपनीकडे असू शकतात, चार वेगळ्या कंपन्यांकडेही. आपलं काय कुठे आहे हे बहुतेक मालकांना माहीत नसतं आणि निम्मा वेळ तेच शोधण्यात जातो. या चारही जागांची नावं आणि लॉगिन कुणाकडे आहे, हे आधी एका कागदावर उतरवून काढा.

पहिली तपासणी: बिघाड तुमच्याकडे की सगळीकडे?

मोबाइलचं वायफाय बंद करून डेटावर साइट उघडा. मग दुसऱ्या गावातल्या, दुसऱ्या कंपनीचं नेट असलेल्या कुणाला तरी उघडायला सांगा. याला पैसे लागत नाहीत आणि पुढचा सगळा रस्ता यावर ठरतो. फक्त तुमच्याकडे उघडत नसेल तर डोमेनच्या नोंदींना हातही लावायचा नाही.

मग लिंक नीट बघा. मराठीत आपण 'आमच्या तुमचंनाव.इनवर या' असं लिहितो. काही ॲप तो 'वर' नावाचाच भाग समजतात आणि ग्राहक अस्तित्वात नसलेल्या नावावर टिचकी मारतो. त्याला 'एनएक्सडोमेन' दिसतं, तो तुम्हाला फोन करतो, तुम्ही मला करता. व्हॉट्सॲपवर लिंक टाकताना ती वेगळ्या ओळीवर, एकटी टाका. माझ्याकडे आलेल्या कितीतरी 'बंद साइट' एवढ्यावर सुरू झाल्यात.

अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' असतं. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता शोधायची पद्धत. जाहिराती अडवण्यासाठी कुणीतरी तिथे एखादं नाव भरून ठेवलेलं असतं. ती सेवा बंद पडली की सगळ्याच साइट बंद, आणि तिने तुमचं नाव यादीत घातलं तर फक्त तुमची. 'ऑटोमॅटिक' करून बघा.

फक्त एकाच संगणकावर जुनी साइट दिसत असेल, आणि तो मालकाचा किंवा डेव्हलपरचा संगणक असेल, तर 'होस्ट्स' फाइल उघडा. विंडोजमध्ये ती 'सिस्टिम३२' फोल्डरमधल्या 'ड्रायव्हर्स'मध्ये, 'ईटीसी'त असते. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी आजची डोमेन पद्धत आखली. त्याआधी सगळ्या नेटवर्कची नावं आणि पत्ते अशाच एका मजकूर फाइलमध्ये असत. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइन्लर यांचा गट ती सांभाळत असे आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. ती फाइल आजही प्रत्येक संगणकात शिल्लक आहे आणि साधारणपणे बाहेरच्या उत्तरापेक्षा तिचं ऐकलं जातं. नवी साइट बांधताना चाचणीसाठी तिच्यात एक ओळ लिहितात आणि काढायची राहते.

दुसरी तपासणी: नावाची मुदत आणि स्थिती

सगळ्यांकडेच बंद असेल तर दुसरं काहीही करण्याआधी हे बघा. '.इन' असेल तर निक्सीच्या नोंदणी शोधात आणि '.कॉम', '.ऑर्ग' वगैरे असेल तर आयकॅनच्या, म्हणजे डोमेन नावांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या, शोधात आपलं नाव टाका. नोंदणी शोधायच्या जुन्या 'हूइज' पद्धतीची जागा आता आरडॅप नावाच्या पद्धतीने घेतली आहे. आयकॅनच्या नियमातली हूइजची सक्ती २८ जानेवारी २०२५ रोजी संपली. पानावर खूप काही दिसेल, पण रजिस्ट्रार, मुदतीची तारीख, स्थिती आणि नेमसर्व्हर या चारच गोष्टी वाचा.

तारखेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. '.कॉम'ची मुदत संपली की नोंदवही स्वतःहून एक वर्ष पुढे ढकलते आणि रजिस्ट्रारला निर्णयासाठी ४५ दिवसांपर्यंत वेळ मिळतो. पानावर पुढच्या वर्षाची तारीख, पण रजिस्ट्रारकडे पैसे भरलेलेच नाहीत, असं या काळात अगदी नेहमी दिसतं. 'रजिस्ट्री'ची तारीख आणि 'रजिस्ट्रार'ची तारीख वेगळी दिली असेल तर रजिस्ट्रारची खरी धरा. साइटच्या जागी जाहिरातींचं पान येण्याचं नेहमीचं कारण हेच असतं: मुदत संपल्यावर रजिस्ट्रारने नेमसर्व्हर आपल्याकडे वळवलेले असतात. खात्यात जाऊन पैसे भरले की साधारणपणे काही तासांत साइट परत येते.

ती मुदतही हुकली तर '.कॉम'सारखी नावं 'रिडेम्प्शनपीरियड' या स्थितीत जातात. ती ३० दिवस असते. या काळात नाव परत मिळतं, पण दंड एरवीच्या वार्षिक शुल्काच्या कित्येक पट असतो. त्यानंतर पाच दिवस 'पेंडिंगडिलीट'. त्या पाच दिवसांत कुणालाच काही करता येत नाही, आणि मग नाव खुलं होतं. जो आधी घेईल त्याचं.

'क्लायंटहोल्ड' असं दिसलं तर रजिस्ट्रारने नाव रोखलंय. त्यामागे बहुतेक वेळा ईमेलची पडताळणी राहिलेली असते. '.कॉम'सारखं नाव नवं घेतलं, हलवलं किंवा मालकाची माहिती बदलली की रजिस्ट्रार एक पडताळणीची लिंक पाठवतो. १५ दिवसांत तिच्यावर टिचकी मारली नाही तर नाव रोखलं जातं. आठवड्यापूर्वी झकास चालणारी नवीकोरी साइट कुणी काही न करता बंद पडते, ती अशी. स्पॅमचा फोल्डर उघडा, लिंक तिथे असेल. नसेल तर खात्यातून पुन्हा मागवा.

'क्लायंटट्रान्सफरप्रोहिबिटेड' दिसलं तर घाबरू नका. ते कुलूप आहे, चोरीपासून वाचवणारं. ते असलंच पाहिजे.

आता सगळ्यात जास्त वेळा दिसणारी गोष्ट सांगते. आयकॅनच्या नियमाप्रमाणे रजिस्ट्रारने मुदतीच्या साधारण महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी आठवण पाठवायची असते, आणि संपल्यानंतर पाच दिवसांच्या आत आणखी एक. ती जाते कुठे? खात्यात नोंदवलेल्या ईमेलवर. तो ईमेल त्याच डोमेनवरचा असेल तर नाव बंद पडताक्षणी तो पत्ताही बंद. शेवटची आठवण पोचत नाही, पासवर्ड बदलायचा ओटीपीही पोचत नाही. आणि तो ईमेल पाच वर्षांपूर्वी साइट करून दिलेल्या मुलाचा असेल तर आठवण त्याच्याकडे जाते. तो आता पुण्यात किंवा दुबईत दुसरीच नोकरी करत असतो. खात्यातला ईमेल मालकाचा स्वतःचा आणि वेगळ्या सेवेवरचा असला पाहिजे. शेत कोण कसतं याला महत्त्व नाही, सातबाऱ्यावर नाव कुणाचं याला आहे. साइट कुणीही बांधू दे, नोंदणी मालकाच्या नावावर हवी.

१९९९ च्या नाताळात हॉटमेलचं लॉगिन अडखळलं, कारण ते लॉगिन ज्या नावावर चालायचं त्या 'पासपोर्ट.कॉम'चं नूतनीकरण मायक्रोसॉफ्टने केलं नव्हतं. मायकेल चेनी या प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरून ते सोडवलं. एवढ्या मोठ्या कंपनीकडून निसटतं, तर एकट्याने दुकान चालवणाऱ्या माणसाकडून निसटलं यात नवल नाही. म्हणून ऑटो-रिन्यू लावा, आणि त्याला जोडलेल्या कार्डाची मुदत वर्षातून एकदा बघा. मुदत संपलेल्या कार्डावर ऑटो-रिन्यू चालत नाही.

एक सावधगिरी. 'तुमचं डोमेन संपतंय, आज पैसे भरा' अशी खोटी पत्रं भरपूर येतात. रजिस्ट्रारचं नाव नोंदवहीतल्या नावाशी जुळवून बघा आणि पैसे फक्त स्वतः उघडलेल्या खात्यातून भरा, पत्रातल्या लिंकवरून कधीच नाही.

तिसरी तपासणी: जुनी आठवण

मुदत ठीक आहे, स्थिती ठीक आहे, तरी काहींना उघडते आणि काहींना नाही. मग वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं उत्तर साठवलेलं आहे का ते बघायचं. विंडोजवर 'सीएमडी' उघडा आणि 'एनएसलुकअप', जागा, आपलं नाव, जागा, ८.८.८.८ असं टाइप करा. मग तेच शेवटी १.१.१.१ देऊन. पहिला गुगलचा रिझॉल्व्हर, म्हणजे नावाचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर, दुसरा क्लाउडफ्लेअर या कंपनीचा. नंतर शेवटचा आकडा न देता, म्हणजे तुमच्या नेटवाल्याला विचारून. तीन उत्तरं शेजारी शेजारी लिहा.

तिन्ही सारखी आणि बरोबर असतील तर घोळ फक्त तुमच्या यंत्रात आहे. 'आयपीकॉन्फिग', जागा, तिरकी रेघ, 'फ्लशडीएनएस' हा आदेश द्या आणि ब्राउझर बंद करून उघडा. दोन नवी आणि एक जुनं असेल तर बिघाड नाही, फक्त वाट बघायची आहे. प्रत्येक नोंदीबरोबर टीटीएल नावाचा सेकंदांचा आकडा असतो. ३६०० म्हणजे तासभर, ८६४०० म्हणजे दिवसभर. तेवढा वेळ रिझॉल्व्हर जुनं उत्तर देऊ शकतो.

'बदल व्हायला ४८ तास लागतात' हे वाक्य प्रत्येक जण सांगतो, आणि ते प्रत्येक बदलाला लागू नाही. '.कॉम'च्या नोंदवहीत नेमसर्व्हरच्या नोंदीचा टीटीएल १,७२,८०० सेकंद, म्हणजे बरोबर ४८ तास असतो. नेमसर्व्हर बदलला तर तेवढं थांबणं रास्त आहे. पण नुसता साइटचा पत्ता बदलला असेल आणि त्याचा टीटीएल ३०० असेल, तर पाच-दहा मिनिटांनंतरही जुनंच उत्तर येणं म्हणजे काहीतरी चुकलंय. तेव्हा दोन दिवस हातावर हात ठेवून बसू नका.

नसलेलं उत्तरही साठवलं जातं. नवी नोंद करण्याआधीच 'आली का बघू' म्हणून ते नाव उघडलं, तर 'असं नाव नाही' हे उत्तर रिझॉल्व्हर लक्षात ठेवतो. आधी नोंद करा, मग उघडा.

चौथी तपासणी: नोंदी चुकीच्या घरात तर नाहीत ना?

इथून पुढे खात्यात शिरावं लागतं. काहीही बदलण्याआधी सध्याच्या सगळ्या नोंदींचा स्क्रीनशॉट काढा. सगळ्या म्हणजे सगळ्या, न कळणाऱ्याही.

दुसऱ्या तपासणीत दिसलेले नेमसर्व्हर आणि तुम्ही ज्या पॅनेलमध्ये नोंदी बदलताय ती कंपनी एकच आहे का? बऱ्याचदा नसते. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये डीएनएसचं पान असतं, रजिस्ट्रारच्या खात्यातही असतं, क्लाउडफ्लेअर लावलं असेल तर तिथेही असतं. तिन्ही पानं सारखीच दिसतात आणि तिन्ही ठिकाणी बदल 'सेव्ह' होतो. पण जग विचारतं फक्त नोंदवहीत लिहिलेल्या नेमसर्व्हरला. बाकीच्या दोन ठिकाणी काहीही लिहा, कुणी वाचत नाही. 'मी पत्ता तीनदा बदलला तरी फरक नाही' असं कुणी म्हटलं की मी आधी हेच बघते.

पाचवी तपासणी: नोंदी

'ए' नोंद म्हणजे साइटचा आयपी पत्ता. होस्टिंगच्या स्वागताच्या ईमेलमध्ये तो दिलेला असतो, अंक अन् अंक जुळवा. ट्रिपल डब्ल्यूची नोंद वेगळी असते, कारण डोमेन पद्धतीच्या दृष्टीने ते वेगळं नाव आहे. एकाने उघडते आणि दुसऱ्याने नाही, याचा अर्थ एक नोंद राहिली. आणखी एक: नुसत्या नावाला 'सीनेम', म्हणजे एका नावाला दुसऱ्या नावाकडे वळवणारी नोंद, लावू नका. ज्या नावाला सीनेम असते त्याला दुसरी नोंद ठेवता येत नाही, आणि मूळ नावाला नेमसर्व्हरच्या नोंदी असाव्याच लागतात. तिथे 'ए' नोंदच घाला.

आता 'एएएए' नोंदीकडे या. ऑफिसात नवी साइट आणि मोबाइलवर जुनी, हे कोडं इथे सुटतं. हा आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा लांब पत्ता. होस्टिंग बदलताना माणूस 'ए' नोंद बदलतो आणि ही दुसरी नोंद दिसतच नाही किंवा कळत नाही म्हणून तशीच राहते. ऑफिसचं ब्रॉडबँड जुन्या पद्धतीच्या आयपीव्ही४ वर असेल तर तिथे सगळं छान. जिओसारखं मोबाइल नेटवर्क आयपीव्ही६ मोठ्या प्रमाणावर वापरतं, त्यामुळे फोन त्या जुन्या पत्त्याकडे जातो. जुनं होस्टिंग अजून चालू असेपर्यंत फोनवर जुनी साइट, जुने दर, जुना नंबर. एका होमस्टेला या एका ओळीमुळे गेल्या हंगामातल्या दरांनी बुकिंगची मागणी येत होती, तीही फक्त मोबाइलवरून. मालकीणबाई स्वतः लॅपटॉपवर बघायच्या, त्यांना सगळं बरोबर दिसायचं. 'एनएसलुकअप' मारल्यावर उत्तरात दोन पत्ते येतात. टिंबांचा एक आणि अपूर्णविरामांचा एक. दुसरा जुन्या कंपनीचा निघाला. नव्या होस्टिंगकडे आयपीव्ही६ असेल तर नवा पत्ता भरा, नसेल तर ती नोंद काढून टाका.

पुढच्या वेळी जागा बदलायची असेल तर आदल्या दिवशी टीटीएल ३०० करा, मग पत्ता बदला. सगळं सुरळीत झाल्यावर तो पुन्हा वाढवा.

सहावी तपासणी: फक्त मेल बंद

साइटसाठी नेमसर्व्हर बदलले आणि मेल बंद झाला, हे जवळजवळ प्रत्येक स्थलांतरात घडतं. मेल कुठे द्यायचा हे 'एमएक्स' नोंद सांगते, आणि ती जुन्या नेमसर्व्हरवर राहून गेलेली असते. मघाचे स्क्रीनशॉट इथे कामी येतात. एमएक्ससमोर यंत्राचं नाव लागतं, आयपी पत्ता चालत नाही.

मेल येतो, पण तुम्ही पाठवलेला स्पॅममध्ये पडतो? एसपीएफ बघा. तुमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कुणाला, हे सांगणारी ती नोंद. एका नावाला एसपीएफ एकच असते. बिलिंगचं सॉफ्टवेअर लावताना त्यांनी दिलेली दुसरी ओळ जशीच्या तशी चिकटवली की दोन होतात आणि दोन्ही निकामी ठरतात. दोन्ही एका ओळीत गुंफायच्या. आतल्या शोधांची मर्यादा १० आहे, ती ओलांडली तरी नोंद बाद होते.

सातवी तपासणी: डीएनएसेक

गुगल आणि क्लाउडफ्लेअर 'सर्व्हफेल', म्हणजे 'उत्तर देता येत नाही', म्हणतायत, पण एखाद्या नेटवाल्याकडे साइट उघडतेय, असं असेल तर सहीची गडबड समजा. डीएनएसेकमध्ये नोंदींवर सही असते आणि ती तपासायची किल्लीची खूण, म्हणजे डीएस नोंद, वरच्या नोंदवहीत असते. नेमसर्व्हर बदलले, नव्या ठिकाणी सही वेगळी किंवा नाहीच, पण वर खूण जुनी. सही तपासणारे रिझॉल्व्हर उत्तर नाकारतात, न तपासणारे देऊन टाकतात. ३० सप्टेंबर २०२१ रोजी स्लॅक या कामाच्या संदेशांच्या ॲपची सेवा अनेकांसाठी बंद पडली, तीही डीएनएसेक लावतानाच. डीएनएसव्हिज या फुकट साइटवर नाव टाकलं की तुटलेली कडी लाल रंगात दिसते. रजिस्ट्रारच्या खात्यातून डीएस नोंद काढली की '.कॉम'साठी साधारण दिवसभरात सगळीकडे सुरळीत होतं. योग्य क्रम असा: आधी डीएस काढा, टीटीएल उलटू द्या, मग नेमसर्व्हर बदला.

देवनागरी नाव असेल तर

'.भारत' ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालं आणि मराठीत नाव घेणं शक्य झालं. मला ते मनापासून आवडतं, पण तपासताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. यंत्रणा आतून रोमन अक्षरांतच चालते, त्यामुळे काही पॅनेलमध्ये 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं रूप टाकावं लागतं. ते दिसलं म्हणून हॅक झालं असं समजू नका. दुसरी गोष्ट जोडाक्षरांची. 'किनाऱ्यावर'मधला अर्धा र काही कीबोर्ड 'ऱ' वापरून लिहितात, काही साधा र आणि एक न दिसणारं जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही एकसारखे, संगणकाच्या लेखी वेगळे. असं नाव घेण्याआधी चार वेगवेगळ्या फोनवरून टाइप करून बघा. शक्यतो असं अक्षर असलेलं नाव टाळाच, कारण ग्राहकाच्या कीबोर्डवर तुमचा ताबा नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

'रिडेम्प्शनपीरियड' दिसलं तर त्याच दिवशी रजिस्ट्रारला फोन करा. ईमेल करून वाट बघू नका, कारण दिवस मोजलेले असतात. 'सर्व्हरहोल्ड' दिसलं तर नोंदवहीनेच नाव रोखलंय. त्यामागे तक्रार किंवा कायदेशीर आदेश असू शकतो आणि पॅनेलमधून काहीही सुटणार नाही. रजिस्ट्रारकडून लेखी कारण मागा.

नेमसर्व्हर तुम्ही न बदलता बदललेले दिसले, मालकाचं नाव किंवा ईमेल परका दिसला, तर खातं चोरीला गेलंय असं धरून चाला. नोंदी दुरुस्त करत बसू नका. आधी ज्या ईमेलवर खातं आहे त्याचा पासवर्ड बदला, मग रजिस्ट्रारच्या गैरवापर विभागाला कळवा. पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब नोंदवा.

नाव दुसऱ्याच्या खात्यात असेल आणि तो देत नसेल, तर तांत्रिक माणसाचं काम संपलं आणि वकिलाचं सुरू झालं. '.इन'च्या नावांसाठी निक्सीची आयएनडीआरपी ही लवादाची पद्धत आहे, '.कॉम'सारख्यांसाठी आयकॅनची यूडीआरपी. दोन्ही मुळात तुमच्या व्यापारचिन्हाशी मिळतंजुळतं नाव कुणी गैरहेतूने घेतलं असेल तर त्यासाठी आहेत. साइट करून घेतानाची बिलं, पैसे पाठवल्याचे पुरावे आणि जुने ईमेल जपून ठेवा. तेच लागतात.

आणि रोजच्या धंद्याचा मेल त्याच नावावर चालत असेल, तर नेमसर्व्हर बदलण्याचं किंवा डीएस नोंदीचं काम स्वतः करू नका. साइट एक दिवस बंद राहिली तर ती दुसऱ्या दिवशी दिसते. परत गेलेला ऑर्डरचा मेल परत येत नाही.

जाणकाराला बोलवताना त्याला द्या: नोंदवहीतल्या पानाचा स्क्रीनशॉट, तीन रिझॉल्व्हरची तीन उत्तरं वेळेसकट, बदलांआधीच्या नोंदी, आणि शेवटचा बदल कुणी, काय आणि कधी केला. पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवू नका. बऱ्याच रजिस्ट्रारकडे दुसऱ्या माणसाला मर्यादित प्रवेश देता येतो, तो द्या आणि काम झालं की काढून घ्या.